९१.१ ते १०७.१ : मुंबईच्या एफएमची घडण

मुंबईतल्या खासगी एफएम स्टेशनांचे आकडे एका ओळीत लिहून काढा. ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. आता शेजारच्या आकड्यांची वजाबाकी करा. दर वेळी ०.८ येतं. वरच्या टोकाला १०४.० आणि १०४.८ आहेत, तिथेही तेवढंच अंतर. मधलं १०५.६ सोडलं तर १०६.४ सुद्धा त्याच पायरीवर बसतं. जिंगलमध्ये गाऊन गाऊन हे आकडे लोकांच्या तोंडी बसले, पण ते कोणा जाहिरातवाल्याला सुचलेले नाहीत. एका शहरात एकाच टॉवरवरून वाजणाऱ्या दोन स्टेशनांत ८०० किलोहर्ट्झ (म्हणजेच ०.८ मेगाहर्ट्झ) अंतर ठेवायचं, या सरकारी आखणीतून ते आले आहेत.

या स्टेशनांवर लिहिताना बहुतेक जण आरजेंची नावं, गाजलेले कार्यक्रम, 'ते दिवस' यांवर लिहितात. तेही लिहायला हवंच. पण मुंबईच्या एफएमवर कोणती गाणी वाजली, किती वेळा वाजली आणि कोणती कधीच वाजली नाहीत, हे ठरवलं ते लायसन्स फीने, टॉवरने आणि गाण्यांच्या घड्याळाने. त्यामुळे इतिहास तिथूनच सांगायला हवा.

०.८ कशासाठी

एफएममध्ये गाण्याच्या चढउताराप्रमाणे मूळ फ्रिक्वेन्सी दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत हलते. स्टिरिओ सिग्नलमध्ये वरच्या कडेला ५३ किलोहर्ट्झपर्यंतचा मजकूर असतो. दोन्हींची बेरीज करून दुप्पट केली की एका स्टेशनला साधारण २५६ किलोहर्ट्झ रुंदीची जागा लागते, असा ढोबळ हिशेब निघतो. मग ४०० किलोहर्ट्झ अंतर पुरलं नसतं का? कागदावर पुरतं, आणि पुढे दूरसंचार नियामक 'ट्राय'ने तशी शिफारसही केली. पण स्वस्त रेडिओ सेटला शेजारचं जोरदार स्टेशन गाळता येत नाही. शिवाय टॉवरवर सगळ्यांचे सिग्नल एकाच अँटेनात एकत्र करणारा कंबायनर असतो. अंतर जितकं कमी तितके त्याचे फिल्टर अवघड, महाग आणि उष्णतेने बिघडणारे होतात.

समान अंतराच्या या आखणीत एक फास लपलेला आहे. एका ट्रान्समीटरमध्ये शेजारच्या स्टेशनचा सिग्नल उलटा घुसला, तर दोन्ही मिसळून तिसरा, नको असलेला सिग्नल तयार होतो. त्याचं सूत्र साधं आहे : पहिल्याची दुप्पट वजा दुसरा. ९२.७ ची दुप्पट १८५.४, त्यातून ९१.९ वजा केले की उरतात ९३.५. म्हणजे दोन स्टेशनांच्या भांडणाची घाण नेमकी तिसऱ्याच्या डोक्यावर पडते. अंतर विषम असतं तर ती रिकाम्या जागी पडली असती. ९३.५ आणि ९२.७ चा हिशेब केला तर उत्तर ९४.३. म्हणून फिल्टर आणि आयसोलेशन (एकाचा सिग्नल दुसऱ्यात घुसू न देणं) यांत कसूर चालत नाही. त्याहून गंभीर जोडी म्हणजे १०४.८ आणि ९८.३. तिचं उत्तर १११.३ येतं, आणि १०८ ते ११२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात विमानतळाची, विमान धावपट्टीच्या सरळ रेषेत आणणारी यंत्रणा चालते. सांताक्रूझचा विमानतळ भर शहरात असताना ही गणितं नुसती परीक्षेपुरती उरत नाहीत.

खासगी एफएमच्या पहिल्या फेरीत ही पायरी इतकी घट्ट नव्हती. २००२ साली मुंबईत सुरू झालेली स्टेशनं आठवा : रेडिओ सिटी ९१, गो ९२.५, रेड ९३.५, विन ९४.६ आणि रेडिओ मिर्ची ९८.३. २००५ च्या धोरणानंतर नवी स्टेशनं बसवायची होती, तेव्हा आकडे सरकले. सिटी ९१ चं ९१.१ झालं. 'गो'चं रेडिओ वन झालं आणि ते ९२.५ वरून ९४.३ वर गेलं. मोकळ्या झालेल्या जागेत ९२.७ वर बिग एफएम आलं. श्रोत्याला वाटलं नाव बदललं म्हणून नंबर बदलला.

आधीचं थोडक्यात

मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीचं. ती १९३० मध्ये बुडाली आणि रेडिओ सरकारकडे गेला. १९५२ पासून माहिती व प्रसारण खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे होतं. त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार केली, श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले, आणि त्यांना परत आणायला ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती निघाली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर इथे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. गाण्यांच्या मध्ये पैसा मिळतो हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

देशात एफएम आलं ते २३ जुलै १९७७ ला, मद्रासला. मुंबईच्या कानाला मात्र एफएम म्हणजे १९९३. त्या वर्षी आकाशवाणीने दिल्ली-मुंबईत आपल्या एफएमवरचे तास खासगी कंपन्यांना विकायला काढले. टाइम्स एफएम, रेडिओ मिड-डे ही त्या वेळची नावं. ट्रान्समीटर सरकारी, वेळ भाड्याची, आवाज मात्र नवा. बोलणारा माणूस कागद वाचत नाहीये हे पहिल्यांदा ऐकू आलं.

९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात, प्रसारणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निकाल दिला. न्या. पी. बी. सावंत त्या पीठावर होते. सरकारी मक्तेदारीचा पाया तिथे हलला. जून १९९८ मध्ये भाड्याच्या वेळांची व्यवस्था बंद झाली, १९९९ मध्ये खासगी एफएमचं धोरण आलं, आणि ४० शहरांतल्या १०८ फ्रिक्वेन्सी लिलावात निघाल्या. पहिलं खासगी स्टेशन वाजलं ते ३ जुलै २००१ ला, बंगळुरूत, रेडिओ सिटीचं. मुंबई त्यानंतर.

तासाला अकरा हजार

मुंबईच्या एका फ्रिक्वेन्सीची बोली वर्षाला ९.७५ कोटी रुपयांवर गेली. मुदत १० वर्षं आणि दर वर्षी १५ टक्के वाढ. हा आकडा उलगडून बघितल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही.

वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे पहिल्याच वर्षी तासाला ११,१३० रुपये नुसती लायसन्स फी, रात्री तीन वाजताच्या तासालासुद्धा. रेडिओची जाहिरात १० सेकंदांच्या दराने विकली जाते. तासाला १० मिनिटं जाहिरात धरली तर असे ६० तुकडे होतात. पण दिवसाचे विकाऊ तास फार तर १२, आणि नव्या स्टेशनची निम्मी वेळ विकली गेली तरी नशीब. म्हणजे दिवसाला ३६० तुकडे. दिवसाची फी २ लाख ६७ हजार. भागाकार केला की १० सेकंदांमागे ७४० रुपये सरकारला, आणि पगार, वीज, स्टुडिओचं भाडं, गाण्यांची रॉयल्टी यांतलं काहीच अजून धरलेलं नाही. दहाव्या वर्षी हीच फी ३४ कोटींच्या वर जाणार होती. रेडिओवरचा जाहिरातखर्च दर वर्षी १५ टक्के वाढेलच, याची हमी कोणीच देऊ शकत नव्हतं.

अशा ओझ्याखाली माणूस जोखीम घेत नाही. सगळ्यांना सगळ्यांत मोठा श्रोतावर्ग हवा होता, आणि मुंबईत तो नव्या हिंदी चित्रपटगीतांवर मिळत होता. 'गो'ने इंग्रजीची वेगळी वाट धरली, बाकीची स्टेशनं एकमेकांशेजारी येऊन उभी राहिली. विन ९४.६ काही काळातच बंद पडलं. 'सगळीकडे तीच गाणी' ही तक्रार तेव्हापासूनची. कार्यक्रम ठरवणाऱ्यांना चव नव्हती असं म्हणणं अन्यायाचं आहे. त्यांच्यापैकी कित्येकांकडे उत्तम कान होता. तासाला अकरा हजारांच्या भाड्याने त्या कानाला जागाच दिली नाही.

दुसरं ओझं रॉयल्टीचं. गाण्यांच्या हक्कांचे पैसे 'नीडल अवर'वर मोजले जात. नाव जुन्या ग्रामोफोनच्या सुईवरून आलेलं आहे. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रित संगीत जितकी मिनिटं वाजलं तितकीच मोजायची. तासात ४० मिनिटं गाणी वाजली तर नीडल अवर दोन तृतीयांश. स्टेशन कमावतं की बुडतं याच्याशी दराचा संबंध नाही. या पद्धतीत गाणं महाग आणि आरजेचं बोलणं फुकट, असा उलटा हिशेब होतो. तो वाद न्यायालयांत वर्षानुवर्षं चालला. २५ ऑगस्ट २०१० ला कॉपीराइट बोर्डाने दर निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर आणला.

त्याआधी १३ जुलै २००५ च्या दुसऱ्या टप्प्याच्या धोरणाने वार्षिक फीचा फास सोडवला होता. एकदाच भरायची प्रवेश फी आणि नंतर वार्षिक उत्पन्नाच्या ४ टक्के (किंवा आधारभूत प्रवेश फीच्या १० टक्के, जे जास्त असेल ते). बिग ९२.७, फीवर १०४, म्याव १०४.८ ही स्टेशनं यातून आली. 'म्याव' हा माझ्या मते त्या काळातला सगळ्यांत धाडसी प्रयोग : बायकांसाठी, गाण्यांपेक्षा गप्पांवर चालणारं स्टेशन. ते टिकलं नाही. त्याच फ्रिक्वेन्सीवर पुढे ओये आणि मग इश्क आलं, चित्रपटगीतांसकट. २०१५ च्या लिलावात मुंबईच्या दोन फ्रिक्वेन्सी प्रत्येकी १२० कोटींच्या वर गेल्या, १५ वर्षांसाठी. पुन्हा भागाकार केला तर तासाला नऊ हजारांच्या वर, तेही आगाऊ, वर ४ टक्के वेगळे. रेडिओ नशा ९१.९ ने निदान जुन्या चित्रपटगीतांची वेगळी चव आणली, ही त्या फेरीतली चांगली गोष्ट.

स्टुडिओपासून टॉवरपर्यंत

स्टेशनचं ऑफिस एकीकडे आणि टॉवर दुसरीकडे असतो. मधला दुवा म्हणजे स्टुडिओ-ट्रान्समीटर लिंक. फायबरवरची २ मेगाबिटची लाइन त्यासाठी का चालते याचा हिशेब छोटा आहे : ४८,००० नमुने, गुणिले १६ बिट, गुणिले दोन चॅनल, म्हणजे सेकंदाला १५.३६ लाख बिट. कसलंही कॉम्प्रेशन न करता स्टिरिओ आवाज त्यात बसतो. जिथे पैसे वाचवायला कॉम्प्रेशन केलं, तिथे एमपीथ्री फाइल पुन्हा दाबली गेली आणि झांजा, टाळ्या, 'स' 'श' अशी अक्षरं पाण्यातून आल्यासारखी वाजू लागली. दोनदा दाबलेला आवाज पुढच्या कुठल्याही यंत्राने दुरुस्त होत नाही. पर्यायी लाइन वेगळ्या मार्गाने यायला हवी, हेही जाता जाता. दोन्ही फायबर एकाच खड्ड्यातून गेले असले तर महापालिकेचा एक जेसीबी दोन्ही तोडतो.

मोठ्या शहरासाठी नियमाने परिणामी विकिरित शक्ती २५ ते ५० किलोवॉट आणि अँटेनाची प्रभावी उंची ७५ ते २०० मीटर. ही शक्ती ट्रान्समीटरची नसते, हा गोंधळ नेहमी होतो. १० किलोवॉटचा ट्रान्समीटर घ्या. कंबायनरमध्ये अर्धा डेसिबल आणि वर अँटेनाकडे जाणाऱ्या फीडर केबलमध्ये एक डेसिबल गेला की वर ७.१ किलोवॉट पोचतात. अँटेनाचे पॅनल ती शक्ती आकाशात न उधळता क्षितिजाकडे दाबतात. ६ डेसिबलचा लाभ म्हणजे चौपट, म्हणून २८ किलोवॉट. अर्धा डेसिबल किरकोळ वाटतो, पण तो ११ टक्के आहे. १० किलोवॉटमधले १.१ किलोवॉट कंबायनरच्या पत्र्यात उष्णता होऊन राहतात, आणि असे पाच-सात ट्रान्समीटर एका खोलीत असतात. एसी बंद पडला की फिल्टरच्या पोकळ्या प्रसरण पावतात, त्यांची ट्यूनिंग सरकते, शक्ती उलटी परत यायला लागते आणि ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला आउटपुट खाली आणतो. श्रोत्याला एवढंच कळतं की आज स्टेशन जरा खरखरतंय.

मुंबईत दुसरा शत्रू म्हणजे पाणी आणि खारा वारा. फीडरची जाड केबल आतून पोकळ असते आणि तिच्यात कोरडी हवा दाबाने भरलेली असते. दाबमापकाचा काटा हळूहळू उतरतोय म्हणजे कुठेतरी सांधा गळतोय. जूनच्या आधी तो सांधा शोधला नाही तर पावसात ओल आत शिरते, सांध्यात ठिणगी पडते, आणि भर जुलैत टॉवरवर माणूस चढवता येत नाही. म्हणून मे महिन्यातली तपासणी महत्त्वाची : दाब, परतणाऱ्या शक्तीचं रीडिंग, अर्थिंगचा प्रतिकार, सांध्यांवरची टेप, गंजलेले बोल्ट. रीडिंगची वही रोजची असावी. एका दिवसाचा आकडा काही सांगत नाही, महिन्याभराचा उतार सांगतो.

२०० मीटर उंचीवरून रेडिओचं क्षितिज साधारण ५८ किलोमीटरवर येतं (उंचीचं वर्गमूळ गुणिले ४.१२). कल्याण, विरार कागदावर आत बसतात. पण पारसिकची रांग आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर मध्ये सावल्या टाकतात, आणि उंच इमारतींवरून परतलेला सिग्नल मूळ सिग्नलला छेदतो. सिग्नलवर थांबलेल्या गाडीत खरखर येते आणि गाडी हातभर पुढे घेतली की स्वच्छ होते, त्याचं कारण हेच. ९८.३ ची लहर ३.०५ मीटरची. दोन मृत जागांमध्ये सुमारे दीड मीटर अंतर पडतं, म्हणून पाऊण मीटर सरकलं तरी पुरतं.

एक्स्प्रेसवेवर बोरघाट चढताना आणखी एक गंमत घडते. पुण्यातही ९८.३, ९१.१ आणि ९४.३ वर त्याच नावांची स्टेशनं आहेत. एफएमचा गुण असा की एकाच आकड्यावर दोन सिग्नल आले तर जोरदार असेल तो दुसऱ्याला पूर्ण गिळतो, दोन्ही एकत्र ऐकू येत नाहीत. त्यामुळे खंडाळ्याजवळ एका वळणावर मुंबईचं गाणं, पुढच्या वळणावर पुण्याची जाहिरात, पुन्हा मुंबई, अशी लपाछपी चालते. रेडिओ बिघडलेला नसतो, डोंगर आडवा येत असतो.

आवाजाची धुलाई

स्टुडिओतून निघालेला आवाज ट्रान्समीटरला जाण्याआधी प्रोसेसरमधून जातो. तो मंद्र, मध्य आणि तार पट्टे वेगळे करून प्रत्येकाचा चढउतार दाबतो. कारण श्रोता गाडीत, लोकलमध्ये, पोळ्या लाटताना ऐकत असतो, हळू आवाज तिथे बुडतो. इथपर्यंत ठीक. पण डायल फिरवताना आपलं स्टेशन जास्त मोठं वाजावं म्हणून सगळ्यांनी हे दाबणं वाढवत नेलं. एफएममध्ये उच्च स्वर प्रसारणाआधी मुद्दाम वाढवले जातात आणि रेडिओत परत उतरवले जातात, खरखर कमी व्हावी म्हणून. भारतातल्या ५० मायक्रोसेकंदांच्या प्रमाणानुसार १५ किलोहर्ट्झला ही वाढ जवळजवळ १३.७ डेसिबल होते. आधीच ठासून भरलेल्या आवाजात ही वाढ मावत नाही, मग माथा छाटला जातो. टाळ, घुंगरू, तबल्याच्या चाटीची धार पहिली मरते. दोन तास ऐकून डोकं का दुखतं त्याचं उत्तर इथे आहे. जुन्या गाण्यांना तर वेगळं, हलकं सेटिंगच लावायला हवं, त्यांचा श्वास आवाजाच्या चढउतारात असतो.

एक चूक वरवर दिसत नाही आणि फार नुकसान करते. यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या पॅच केबलच्या एका बाजूच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या, तर स्टुडिओच्या हेडफोनवर गाणं जरा पसरट वाटतं, बाकी ठीक. पण एकच स्पीकर असलेल्या सेटवर डावा आणि उजवा आवाज एकत्र होतो, आणि मध्यभागी असलेलं सगळं एकमेकांना मारून टाकतं. मध्यभागी असतो गायक. म्हणजे घरोघरच्या ट्रान्झिस्टरवर वाद्यं वाजतायत आणि गाणारा गायब. म्हणून प्रत्येक कंट्रोल रूममध्ये मोनोचं बटण असावं आणि केबलला हात लावल्यावर ते आधी दाबावं.

बारा नको, तेरा

आता गाण्यांचं घड्याळ. ६० मिनिटांचा तास असा वाटला जातो : जाहिराती १२ मिनिटं, आरजेच्या सहा लिंक (गाण्यांमधलं बोलणं) मिळून ६, जिंगल-ट्रॅफिक-प्रोमो ४. उरलेल्या ३८ मिनिटांत दहा गाणी. समजा त्यांतली चार आजची सर्वांत गाजणारी, तीन गेल्या वर्ष-दोन वर्षांतली, बाकी जुनी. जागा ठरलेल्या असतात, जाहिरातीच्या आधी आणि नंतर जोरदार गाणं हवं, कारण लोक तिथेच स्टेशन बदलतात.

गाजणाऱ्या गाण्यांच्या डब्यात किती गाणी ठेवायची? नवखा माणूस १२ ठेवतो, गोल आकडा म्हणून. तासाला चार, म्हणजे तीन तासांत डबा एकदा फिरला. २४ ला ३ ने बरोबर भाग जातो, दिवसात नेमक्या आठ फेऱ्या. परिणाम असा की सकाळी साडेआठला वाजलेलं गाणं उद्याही साडेआठला, परवाही साडेआठला. ८.३२ ची लोकल पकडून तासभर ऐकणाऱ्या माणसाला महिनाभर तीच चार गाणी मिळतात आणि उरलेली आठ कधीच मिळत नाहीत. तो म्हणतो, यांच्याकडे चारच गाणी आहेत. त्याच्यापुरतं ते खरंच असतं. डब्यात १३ ठेवली की फेरी सव्वातीन तासांची होते, गाणं रोज वेगळ्या वेळी पडतं, आणि त्याच माणसाला काही दिवसांत सगळी मिळतात. एका गाण्याचा फरक.

सॉफ्टवेअर हे सगळं आपोआप करतं, पण त्याला नियम माणसाने द्यावे लागतात : एका गायकाची दोन गाणी किती अंतराने, एकाच चित्रपटाची किती, संथ गाण्यामागे संथ नको, काल ज्या तासात वाजलं त्या तासात आज नको. नियम फार कडक केले की यादीत रिकाम्या जागा राहतात आणि त्या हाताने भरताना ओळखीचीच गाणी भरली जातात. दोन-तीन गायकांचीच चलती असते तेव्हा गायकाचा नियम आधी मोडतो. प्रत्येक फाइलवर मुखडा कितव्या सेकंदाला सुरू होतो ते नोंदलेलं असतं, त्या वेळात आरजेने बोलून संपवायचं. ही नोंद दोन सेकंदांनी चुकली तर बोलणं मुखड्यावर चढतं आणि श्रोता आरजेला दोष देतो.

फोनमध्ये न मावलेली मराठी

या सगळ्यात मराठीचं काय झालं? आकाशवाणीची अस्मिता वाहिनी मराठी गाणी, श्रुतिका, भाषणं देत राहिली, पण मीडियम वेव्हवर, ५५८ किलोहर्ट्झला. खासगी एफएमवर मराठी मुख्यतः आरजेच्या वाक्यांपुरती आणि ठरावीक कार्यक्रमांपुरती राहिली. त्याच काळात मुंबईचा रेडिओ ट्रान्झिस्टरमधून मोबाइलमध्ये गेला, आणि मोबाइलमध्ये फक्त एफएम होतं. याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. एफएमची चौथाई लहर ७६ सेंटिमीटरची, इअरफोनची तारच अँटेना म्हणून पुरते. ५५८ किलोहर्ट्झची लहर ५३७ मीटरची. ती पकडायला फेराइटची बोटभर कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली तार लागते, आणि फोनच्या आतले सर्किट तिच्या शेजारी सतत गोंगाट करतात. फोनमध्ये तिला जागा नव्हती. म्हणजे जो श्रोता लोकलमध्ये फोनवर रेडिओ ऐकू लागला, त्याच्या हाताशी मराठी वाहिनी उरलीच नाही. विविध भारती १०२.८ वर एफएमला आली, आकाशवाणीच्याच रेनबो आणि गोल्ड या वाहिन्या १०७.१ आणि १००.७ वर होत्याच. ५५८ च्या मराठीला ती वाट मिळाली नाही, याची खंत आजही वाटते. आता आकाशवाणीच्या ॲपवर तिच्या वाहिन्या ऐकता येतात, पण त्याला नेट लागतं.

नेट लागणं ही छोटी अट नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, वीज गेली, मोबाइलचं जाळं कोलमडलं. अशा वेळी ट्रान्समीटरपासून सेलवरच्या सेटपर्यंत मध्ये काहीच लागत नाही, ही रेडिओची ताकद. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान खात्याने फोन कंपन्यांना, फोनमधली एफएमची सोय बंद ठेवू नका, अशी सूचना काढली त्यामागे हाच विचार होता. ज्यांच्या फोनमध्ये ती आहे त्यांनी तारेचा इअरफोन जवळ ठेवावा. ब्लूटूथवर एफएम चालत नाही, कारण अँटेना ती तारच आहे. आवाज फोनच्या स्पीकरवर घेतला तरी तार खोचलेली हवी, आणि गुंडाळून खिशात न ठेवता सरळ सोडलेली. खरखर आली तर सेटिंगमध्ये स्टिरिओ बंद करून मोनो करावं. स्टिरिओमुळे अशक्त सिग्नलची खरखर २० डेसिबलहून जास्त वाढते, मोनो केलं की तेच स्टेशन स्वच्छ ऐकू येतं.